हळदीच्या गार दुधाचे तीन चमचे

खारी, भाईंदर पूर्व
२३ एप्रिल, दुपार

प्रिय राजश्री,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. इथे सगळे बरे आहेत. दिपेश बरा आहे, मी बरी आहे, समोरच्या हंसाबेनचा गुडघासुद्धा या महिन्यात जरा बरा आहे. फोन केला असता, पण फोनवर माझी जीभ अजून अडखळते. समोर बसलेल्याला माझ्या तोंडाकडे बघून कळतं, फोनवर नुसता आवाज जातो. तू आपली 'हां आई, हां आई' करत राहतेस आणि मला समजतं की पोरीला अर्धंच कळलंय. आज जे सांगायचंय ते अर्धं कळून चालणार नाही. डावा हात अजून पाहुण्यासारखा बसून असतो, पण उजवा पूर्वीसारखाच चालतो. सातवीपर्यंतची शाळा, आणि नंतर बावीस वर्षं स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात खोक्यांवर नग आणि नंबर लिहिले, एवढंच माझं लेखन. तेव्हा चुका काढू नकोस.

तुला बाळंतपणासाठी माहेरी, सेलूला जाऊन आज महिना झाला. घर मोठं वाटतंय म्हणायला आपलं घर कुठे मोठं आहे, पण सकाळी मिक्सरचा आवाज येत नाही. दिपेश सकाळी वरण लावून जातो. त्यात डाळ शोधावी लागते, पण मी काही बोलत नाही. उन्हाळ्यात लिफ्टची कामं वाढतात, त्यामुळे पोरगा दमून येतो, आणि आल्या आल्या पाळणा कुठे टांगायचा ते बघत उभा राहतो. छताच्या हुकाला चार वेळा लोंबकळून बघितलं त्याने. हंसाबेन म्हणाली, 'अरे दिपेश, बाळ पाच किलोचं पण नसणार, तू सत्तर किलोचा लटकतोस.' कपाटाचा खालचा कप्पा तुझ्या बाळाच्या कपड्यांसाठी रिकामा करून ठेवलाय. मी त्यात जुन्या नऊवारीच्या घड्या ठेवल्यात, दुपट्यांसाठी. धुऊन धुऊन मऊ झालेल्या आहेत.

तर आज सकाळची गोष्ट आधी सांगते. आज मी आपलं ते हळदीचं गार दूध केलं. आत्तापर्यंत तू करायचीस आणि मी प्यायचे, तू गेल्यापासून दिपेश करायचा आणि त्यात गुठळ्या व्हायच्या. आज म्हटलं आपण करून बघू. अर्धा लिटर म्हशीचं दूध तापत ठेवलं. बदाम रात्रीच भिजत घातले होते. एका हाताने बदाम सोलायला सोपे, चिमटीत दाबला की सालातून सटकतो, फक्त कुठे सटकेल ते सांगता येत नाही. दोन बदाम कपाटाखाली गेले ते अजून तिथेच आहेत. खलबत्ता हलू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं, तुझीच पद्धत, आणि बदाम, चार मिरी, दोन वेलच्या, सुंठीचा एक तुकडा, सगळं कुटलं. गावची हळद अर्धा चमचा, जायफळ दोनदा घासून, थोडी खडीसाखर. तांदळाचं पीठ गार दुधात कालवून सोडलं आणि ढवळत राहिले. हळद दुधात शिजल्याशिवाय तिचा कच्चा वास जात नाही, हे तू दोन पातेली दूध वाया घालवून शिकलीस, मला आयतं मिळालं. गाळायला मात्र दोन हात लागतात. तेव्हा हंसाबेनला हाक मारली, तिने फडकं धरलं, मी ओतलं. निम्मं बर्फाच्या ट्रेमध्ये गेलं, निम्मं फ्रिजमध्ये. दुपारी दोन्ही एकत्र मिक्सरमधून काढलं. मिक्सरचं भांडं आता कायमचं पिवळं झालंय, तू कितीही लिंबू घासलंस तरी. हंसाबेनने दोन पेले संपवले. आणि ऐक, ती आता सगळ्या मजल्यावर सांगत फिरते की ठंडा हल्दीवाला दूध ही मूळची तिची युक्ती. गेल्या वर्षी हीच बाई दारात उभी राहून म्हणत होती, 'हल्दी का दूध ठंडा कोण पीता है, राजश्री? कफ हो जाएगा, डोशी मर जाएगी.' मी खाटेवरून सगळं ऐकत होते. डोशी म्हणजे म्हातारी, एवढं गुजराती मला कळतं.

गेल्या वर्षीचं मी तुझ्याशी कधी बोलले नाही. आधी बोलता येत नव्हतं, आणि बोलता यायला लागल्यावर धीर होत नव्हता. आज पेन हातात घेतलंच आहे तर लिहून टाकते.

त्या दिवशी सकाळी दहाला पाणी आलं होतं. मी कळशी नळाखाली लावली आणि वाकले, ती उठलेच नाही. दाराखालून पाणी बाहेर वाहत आलं म्हणून हंसाबेनने दिपेशला फोन केला, आणि दिपेश कामावर वसईला होता म्हणून त्याने तुला केला. डोळ्यांच्या दवाखान्यातलं तुझं रिसेप्शनचं टेबल सोडून तू मीरा रोडवरून रिक्षाने आलीस. हॉस्पिटलात मी डोळे उघडले तेव्हा तूच समोर होतीस. लोक म्हणतात अशा वेळी आपलं माणूस दिसल्यावर बरं वाटतं. मला नाही वाटलं, राजश्री. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? ही इथे कशी, आणि हिने मला हात लावला का.

हे वाचून तुला वाईट वाटेल, पण नवल वाटणार नाही. तुमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. ठाण्याला रजिस्टर लग्न झालं, मी आले नाही. तुम्ही मीरा रोडला भाड्याची खोली घेतलीत, तिथे मी दोनदाच आले. दोन्ही वेळा तू पाणी आणलंस आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, माझा उपास आहे, निर्जळी. दुसऱ्या वेळी बुधवार होता. तू तांब्या परत आत नेलास आणि येताना कॅलेंडरकडे एकदा बघितलंस. आम्ही कुणबी, तुम्ही बौद्ध, एवढंच ते काय कारण. आमच्या गावात जे बघितलं ते मी इथे चाळीस वर्षं जपून ठेवलं. कारखान्यात माझ्या शेजारी पॅकिंगला कोण कोण बसायचं, डबा उघडला की कोणाच्या भाजीत कोणाची भाकरी बुडायची, ते सगळं चालायचं. घरात मात्र चालायचं नाही. असं का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

बारा दिवसांनी घरी आणलं. डावी बाजू गेलेली, जीभ लुळी, नाकातून पोटात नळी. तुम्ही दोघं गाद्या-भांडी घेऊन खारीला राहायला आलात. तू तुझी ड्युटी दुपारची करून घेतलीस. तीनपर्यंत तू, मग हंसाबेन, संध्याकाळी दिपेश. नळीतून दूध, डाळीचं पाणी, औषधं, सगळं तूच घालायचीस. त्यावर माझा हुकूम चालत नव्हता. मग त्या घशाच्या व्यायामवाल्या बाई आल्या. त्यांनी गळ्याला बोटं लावून बघितलं आणि म्हणाल्या, गिळायची ताकद परत येतेय, आता तोंडाने सुरुवात करा. कोमट नको, कोमट घशाला कळतच नाही. गार द्या, चवीचं द्या, घसा जागा होईल. पण दाट पाहिजे. पाणी, चहा, साधा बर्फ, काहीच नको, पातळ ते श्वासनळीत जाईल आणि न्यूमोनिया होईल. सरळ बसवायचं, हनुवटी खाली, एका वेळी तीन चमचे, जास्त नाही.

दाट करायची एक पावडर त्यांनी दिली होती. पाण्यात कालवली की लाळेसारखं काहीतरी व्हायचं. तू चमचा ओठाला लावलास आणि मी तोंड मिटून घेतलं. सगळ्यांना वाटलं चव आवडली नाही. मग तू विचार करायला लागलीस की हिला आवडतं काय. माझ्याबद्दल तुला माहिती तरी किती होती? दिपेशने सांगितलं, आई लहानपणी जरा शिंक आली की हळदीचं दूध द्यायची, कढत, वर साय, मला अजून ते आठवलं तरी नको वाटतं. एवढ्या एका गोष्टीवर तू सुरू केलंस. कढत चालणार नव्हतं म्हणून गार. बर्फ घालायचा तर तो वितळून पाणी होणार, म्हणून दुधाचाच बर्फ. तोही वितळल्यावर पातळ होऊन चालणार नाही, म्हणून तांदळाचं पीठ आणि बदाम. पेल्यात काढून अर्धा तास उन्हात ठेवायचीस आणि चमचा तिरका करून बघायचीस, गोळा हळू पडतो की धार लागते. मसाल्याचा कण घशात अडकू नये म्हणून दोनदा गाळायचीस. त्या बाईंना फोनवर चमचा तिरका करून दाखवलास तेव्हा त्या म्हणाल्या, 'हे चालेल.' तुझा चेहरा असा झाला की जणू दहावी पास झालीस.

आणि मी काय केलं? तोंड उघडलं नाही. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. तू चमचा आणायचीस, मी दात घट्ट. दिपेशने भरवायचा प्रयत्न संध्याकाळी केला असता तर मी घेतलं असतं की काय, ते मला माहीत नाही, पण त्या बाईंनी सांगितलं होतं की सकाळी, ताजी असताना, एकाच माणसाने भरवा. दिपेश बिचारा म्हणायचा, आईला जमत नाहीये अजून. हंसाबेन देवापुढे दिवा लावायची. मला जमत होतं, राजश्री. मी तुझ्या हातून घेत नव्हते. आयुष्यात हट्ट करायला माझ्याकडे तेवढे दोन ओठच उरले होते, आणि ते मी त्या कामाला लावले.

चौथ्या दिवशी तू मिक्सर स्वयंपाकघरातून उचलून माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर आणलास. वायर पुरत नव्हती म्हणून एक्स्टेन्शन लावलंस. माझ्या समोर ट्रे पालथा केलास, पिवळे तुकडे आत टाकलेस, भांड्यातलं दाट दूध ओतलंस, फिरवलंस. मग खाली बसलीस आणि जे बोललीस ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. म्हणालीस, 'आई, हळद तुमच्या डब्यातली आहे. दूध तुमच्या नेहमीच्या तबेल्यावरचं. मिक्सर तुमचा, चमचा तुमचा. माझा फक्त हात आहे. डोळे मिटून घेतलंत तरी चालेल.' मग आवाज बारीक करून म्हणालीस, 'तुम्हाला गिळता येतंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. थुंकी गिळताना तुमचा गळा हलतो. मी दिपेशला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण नळी पुढच्या महिन्यात बदलायची आहे. हॉस्पिटलात घालताना मी बघितलंय तुम्हाला. तुम्ही ओरडू पण शकत नव्हता. मला ते परत बघायचं नाही. मी तुमच्यासाठी करते असं नका समजू, माझ्यासाठी करते.'

तुझ्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. रागच होता थोडा. मी तोंड उघडलं. माझं मन बदललं, देव दिसला, असलं काही झालं नाही, मी खोटं लिहिणार नाही. मला तहान लागली होती. वीस-बावीस दिवस तोंडात थेंब नव्हता, बाहेर एप्रिलचं ऊन, आणि तो पेला माझ्यासमोर घाम सोडत होता.

पहिला चमचा जिभेवर पडला तेव्हा उजव्या बाजूला गार लागलं आणि डाव्या बाजूला काहीच नाही. मग वेलची कळली. मग मागे कुठेतरी मिरी चुरचुरली आणि घसा आपोआप वर उचलला गेला. गट्ट असा आवाज झाला, तुलाही ऐकू आला. आपण दोघी ठसका येतो का म्हणून थांबलो. आला नाही. दुसरा चमचा. तिसरा. मग तू पेला बाजूला ठेवलास. मला चौथा पाहिजे होता. बोलता येत नव्हतं, पण नरड्यातून 'अँ' असा आवाज काढला मी, लहान पोरासारखा. तू म्हणालीस, 'उद्या.' आणि उठून भांडी घासायला गेलीस. नळ सोडून तू बराच वेळ आत होतीस. बाहेर आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मी बघितलं होतं, पण दाखवलं नाही.

मग तीनाचे सहा झाले, सहाचा अर्धा पेला. तीन आठवड्यांनी, बदलायची वेळ येण्याआधीच, नळी निघाली. पहिली खिमट खिचडी तू भरवलीस आणि मी इतक्या दिवसांत पहिला शब्द बोलले, 'मीठ.' तू हसत हसत हंसाबेनकडे धावलीस, 'सासू परत आली' म्हणून. तेव्हापासूनचं तुला सगळं माहीतच आहे. काठी घेऊन गॅलरीपर्यंत, मग जिन्यापर्यंत. दिवाळीनंतर दिपेशने आपल्या दोघींना बसने समुद्राकडच्या डोंगरी गावाला नेलं होतं आणि चर्चच्या पायऱ्यांवर बसून तू थर्मासमधून हेच दूध काढलंस. तू मला दिलेला पेला मी अर्धा पिऊन तुला दिला, आणि तू उरलेला प्यायलीस.

तुझे आभार मानायचे आहेत, ते कुठून सुरू करू कळत नाही. तू केलेल्या दुधासाठी मानतेच. पण त्याहून जास्त, तू ते चार दिवस दिपेशला सांगितले नाहीस यासाठी. त्याला कळलं असतं तर तो माझ्याशी बोलायचा थांबला असता, आणि मला ते सोसलं नसतं. तिसऱ्या चमच्यावर थांबलीस त्यासाठी. माझ्याशी गोड गोड बोलली नाहीस, रागवावं तिथे रागवलीस, त्यासाठी. मी बरी होत असताना तू कधी मागचं काढलं नाहीस. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, 'बघा, सुनेने सेवा करून सासूचं मन जिंकलं.' मला हे ऐकवत नाही. मी त्यांना सांगायला जाते, पण नीट बोलता येत नसल्याने माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्या भाजीवर गेलेल्या असतात. म्हणून इथे पूर्ण करते. तुला माझं मन जिंकायची गरज पडायला नको होती. घसा धडधाकट होता तेव्हाच मी तुझ्या हातचं पाणी प्यायला हवं होतं. तू हे सगळं केलं नसतंस, मला हॉस्पिटलात टाकून निघून गेली असतीस, तरी माझं चुकलेलं चुकलेलंच होतं.

आता खरं सांगायचं ते. श्रावणात एका दुपारी तू माझी नखं कापत होतीस आणि सहज बोलून गेलीस. म्हणालीस, 'बाबा नेहमी सांगतात, आम्ही पहिल्यांदा भाईंदरला गेलो तेव्हा बाई लग्नाला नाही म्हणाल्या, पण आल्याचा चहा दिला. नाही म्हणतानासुद्धा जो माणूस चहा देतो, त्याच्याकडे वाट असते. आई, त्या चहाच्या भरवशावर मी तुमच्या घरात पाय ठेवला. हॉस्पिटलात तुमच्याजवळ बसले तेव्हापण मला बाबांचा तो चहाच आठवत होता.' मी हात मागे ओढला. तुला वाटलं नख लागलं. तू 'लागलं का' म्हणून बोट फुंकलंस.

राजश्री, मी चहा दिला नव्हता. तुमच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, भर दुपारी बारा-साडेबाराला तुझे बाबा आणि आई दारात आले. रात्रभर प्रवास करून आले होते. तुझ्या बाबांच्या हातात कापडी पिशवी होती, त्यातून शेंगांची पुडी डोकावत होती. तुझ्या आईचा चेहरा उन्हाने काळवंडला होता, ती भिंतीला टेकून उभी होती. मी जाळीच्या दाराची कडी काढली नाही. तुझ्या बाबांनी जाळीतूनच नमस्कार केला, 'मी खंडू, राजश्रीचा बाप' म्हणाले. मी म्हटलं, मुलगा माझ्या हाताबाहेर गेलाय, तुम्ही तुमच्या मुलीला आवरा. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, 'ठीक आहे ताई. हिला जरा पाणी मिळेल का? गाडीतलं पाणी संपलं.' माझ्या मागे ओट्यावर भरलेला माठ होता. मी म्हटलं, 'समोरच्या घरात मागा.' आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं. दाराआड उभी राहून मी ऐकलं. हंसाबेनने त्यांना आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. आल्याचा चहा तिनेच दिला असणार, ती चहात आलं फार घालते. तुझ्या बाबांनी तुला गोष्ट खरी सांगितली, फक्त दार बदललं. मुलीला त्या घरात जायचं आहे, तिच्या मनात आधीच कडू नको, म्हणून बदललं असेल. चार वर्षं त्यांनी ते निभावलं. हंसाबेननेही एका शब्दाने मला टोकलं नाही. आणि श्रावणापासून आठ महिने मी तुझ्या हातचं खातेपिते आणि मला माहीत आहे की तू ज्या भरवशावर आलीस तो मी दिलेला नव्हता.

काही लोक म्हणतील, पाणी नाकारलं म्हणून हिचं पाणी तुटलं. मी तसं म्हणत नाही. आजार कोणालाही होतो. तो सोसला म्हणजे फिटलं असं मला मानायचं नाही.

दिपेशने दहा मेची सेलूची तिकिटं काढली आहेत, माझंही काढलंय. तो हौसेने म्हणाला, आई, तू पहिल्यांदा सासुरवाडीला येणार माझ्या. काल संध्याकाळी मी त्याला हे सगळं सांगितलं, ते चार दिवसही आणि ते दारही. तो म्हणाला, 'राजश्रीला तूच सांग. आणि तिने बोलावल्याशिवाय आपण जायचं नाही.' म्हणून हे पत्र. तुझे दिवस भरत आले असताना हे लिहावं का, बाळ झाल्यावर सांगावं का, यावर मी काल अख्खी रात्र घालवली. पण बाळ मांडीवर आलं की माणूस कोणालाही काहीही माफ करतो. तशी माफी मला नको. आणि तुझ्या आईच्या घरात बसून, तिने पुढे केलेल्या ताटावर जेवून, पोटात हे ठेवून मला परत यायचं नाही. तेव्हा आधी तू वाच. मग वाटलं तर बाबांना वाचून दाखव, आणि आईला विचार, तिला विशेष करून विचार, तहान तिला लागली होती. त्यांनी या म्हटलं तर मी येईन, आणि आल्यावर तुझ्या आईकडे पाणी मागेन. त्यांनी नको म्हटलं तर मी इथेच राहीन आणि दिपेश एकटा येईल, आणि त्याचा मला राग नसेल. तुला राग आला तर माझ्यावर काढ, त्यापायी उपाशी राहू नकोस. उत्तर घाईने देऊ नकोस, विचार करून दे.

तू दुसरं काही ठरवेपर्यंत, तुझीच,
गोदूबाई